मुदत

परवा सिंगापूरहून लेकीचा फोन आला. नातीचं अरंगेत्रम ठरलंय, दोन महिन्यांनी. "आई, तिकीट मी काढते, तू फक्त पासपोर्टचा पहिला पानाचा फोटो पाठव." मी कपाटातल्या स्टीलच्या डब्यातून पासपोर्ट काढला, चष्मा लावला, फोटो पाठवला. पाच मिनिटांत पुन्हा फोन. "अगं आई, हा चार महिन्यांत संपतोय!"

मी म्हटलं, "मग काय झालं? मी पंधरा दिवसांत परत येणार आहे की."

तेव्हा कळलं की असं चालत नाही. सिंगापूरला उतरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. आणखीही बऱ्याच देशांचा हाच नियम आहे. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतरचे तीन महिने लागतात आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो. पाहुणा आजारी पडला, विमान चुकलं, मुक्काम लांबला, तर मुदत संपलेला माणूस आपल्या दारात अडकू नये, असा त्यामागचा हिशेब. आणि ही तपासणी तिकडे नव्हे, इथेच विमानतळावर होते, कारण कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते.

चाळीस वर्षं मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख वाचली नाही! पण त्या रात्री झोप लागली नाही ती या फजितीमुळे नाही. मला दादा आठवले.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्या हॉलमध्ये त्यांचा कोट घातलेला फोटो आहे. घरी येणारे विचारतात, लग्नातला का? नाही. तो पासपोर्टच्या अर्जासाठी काढलेला फोटो आहे, १९६१ सालचा. कोटही शेजाऱ्यांचा. माझी आत्या तेव्हा नैरोबीत होती, आतोबा तिकडच्या रेल्वेत. ती फार आजारी असल्याचं पत्र आलं. दादांनी अर्ज केला. मग हमीपत्र मागितलं गेलं, ओळखीच्या मोठ्या अधिकाऱ्याची शिफारस मागितली गेली. दादा प्राथमिक शिक्षक, त्यांना कुठला मोठा अधिकारी ओळखणार? पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. पासपोर्ट देता येत नाही, एवढंच. कारण दिलेलं नव्हतं. आत्या त्याच पावसाळ्यात गेली. घरातल्या मंडळींना हे ठाऊक आहे, पण दादा यावर कधी बोलत नसत, म्हणून पोरांसाठी लिहून ठेवते.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला वाटायचं, दादांनी काहीतरी चूक केली असणार. सरकार उगाच कशाला नाही म्हणेल? पुढे शिकवायला लागल्यावर वाचत गेले, तेव्हा समजलं की चूक दादांची नव्हती. मुळात या देशात पासपोर्ट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवणारा कायदाच तेव्हा नव्हता.

थोडं मागे जाऊ. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी, सोबत नवरा नाही. समाजाने अडवलं, नातेवाइकांनी अडवलं, पण पासपोर्टने अडवलं नाही. कारण तेव्हा त्याची गरजच नव्हती.

पहिल्या महायुद्धात हे बदललं. हेरांची भीती, क्रांतिकारकांची भीती. भारत संरक्षण कायद्याखाली देशाबाहेर जायला आणि आत यायला पासपोर्ट सक्तीचा झाला, आणि सरकारच्या हाती एक नवी किल्ली आली. ती कशी फिरते हे लोकमान्य टिळकांनी अनुभवलं. १९१८ च्या मार्चमध्ये होमरूलचं शिष्टमंडळ विलायतेला निघालं. बरोबर केळकर, खापर्डे, बिपिनचंद्र पाल. हातात रीतसर पासपोर्ट. कोलंबोला पोचल्यावर कळलं की ते रद्द झालेत! सगळे परत. पुढे त्याच वर्षी चिरोलवरच्या खटल्यासाठी टिळकांना पासपोर्ट मिळाला, पण विलायतेत राजकारण करायचं नाही अशी अट घालून. ती अट नंतर उठली.

युद्ध संपल्यावर हे सगळं जाईल अशी लोकांची समजूत होती. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली, तीही याच आशेने. पण तिने तूर्त सोय म्हणून बत्तीस पानांच्या एकसारख्या पुस्तिकेची शिफारस केली, आणि ती तूर्त सोय शंभर वर्षं टिकली. इकडे हिंदुस्थानातही त्याच साली पासपोर्टचा कायदा आला, पण तो देशात प्रवेश करण्यापुरता.

स्वातंत्र्य आलं. १९५४ मध्ये मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर इथे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयं निघाली. पण द्यायचा की नाही, ही अजून सरकारची मर्जीच होती. दादांचा अर्ज या मर्जीच्या काळातला.

ती मर्जी मोडली एका व्यापाऱ्यामुळे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या आणि आयात-निर्यात करणाऱ्या सतवंतसिंग साहनी यांना १९६६ साली पासपोर्ट परत करा असा हुकूम आला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या बाजूचं म्हणणं असं की, परदेशी जाणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याशिवाय ते कुणालाही हिरावून घेता येणार नाही. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी सुब्बा राव पद सोडून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीकडे वळले.

सरकारची धावपळ झाली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा आला. त्यातलं एक कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. पासपोर्ट नाकारला तर कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितल्यास, काही अपवाद सोडले तर, त्याला प्रत द्यायची. शिवाय अपिलाची सोय. सहा वर्षं आधी हे असतं तर! आत्याची भेट झाली असती का, कोण जाणे. पण निदान दादांना विचारता आलं असतं, "का?"

कायदा आला म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. १९७७ च्या जुलैत मनेका गांधींना पासपोर्ट जमा करायला सांगितलं, 'जनहितासाठी', आणि कारणं द्यायला नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, कार्यपद्धतीही न्याय्य आणि वाजवी हवी.

असो. माझ्या पासपोर्टकडे येते. आपण नूतनीकरण म्हणतो, पण आता जुन्या पुस्तिकेत शिक्का मारून मुदत वाढत नाही. नवीन पुस्तिका, नवीन नंबर. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, हे मला आता कळलं. गावातल्या पोस्टातच केंद्र आहे. बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. खडूने झिजली असावीत. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, जरा जोरात दाबा." पुढे चौकशीला पोलीस दारात आले तेव्हा, खोटं कशाला सांगू, पोटात गोळा आला. त्यांनी चहा घेतला, दोन सह्या घेतल्या आणि गेले. अठराव्या दिवशी पासपोर्ट पोस्टाने घरी.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातले सगळे पासपोर्ट काढून तारखा बघा. कोरी पानं उरलीत का तेही बघा. आणि कुणाकडे हाताने लिहिलेला जुना असेल, तर २४ नोव्हेंबर २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने तसे पासपोर्ट बाद झालेत.

नव्या पासपोर्टसाठी फोटो काढताना मी हसू नये म्हणून सांगितलं गेलं. नाहीतरी हसले नसते. हॉलमधल्या फोटोत दादाही हसलेले नाहीत.