कारवारचा विल्यम

सलीम अली यांच्या बालपणातील चिमणीची गोष्ट आमच्या उर्दू शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. 1908 च्या सुमारास पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन हा मुलगा मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत मिलार्डसाहेबांकडे गेला. त्या वेळी संस्थेच्या जागेत एक जिवंत महाधनेश राहत होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

त्याचे नाव विल्यम. जन्म मे 1894 चा. तीन महिन्यांचा असताना कारवारच्या इंगल नावाच्या साहेबांनी तो संस्थेला भेट दिला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तिसऱ्या वर्षाअखेर त्याची लांबी सव्वाचार फूट भरली. रानउंबरे, जिवंत उंदीर, विंचू, कच्चे मांस हे सारे तो आवडीने खाई; पाणी मात्र पीत नसे. चिटणीस फिप्सनसाहेबांना तर तो बरोबर ओळखी. 1920 पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्याचा मुक्काम तिथेच होता.

साहेबांनी पक्षी मोजला. त्याचे घर समजायला मात्र सह्याद्रीच्या सदाहरित रानातच जावे लागते. धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाड झाडाला आपोआप पडलेली पोकळीच त्याला लागते. मादी आत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. मग नर गळ्यात फळे भरून आणतो आणि एकेक फटीतून देतो. तो शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला, तर आतल्या जिवांचीही उपासमार होते. विल्यमला सव्वीस वर्षांत एकदाही कुणाच्या फटीत उंबर घालायला मिळाले नाही.

तो जन्मला, त्याच्या सोळा वर्षे आधी, 1878 मध्ये, इंग्रजांचा जंगल कायदा आला होता. जहाजे आणि रेल्वेचे स्लीपर यांच्या हिशेबात सागवान मोलाचे; पोकळ झाडाला लाकूड म्हणून किंमत ती काय? हा हिशेब, माझ्या मते, इंग्रजांबरोबर गेला नाही.

1933 मध्ये, सुवर्णमहोत्सवी वर्षात, महाधनेश संस्थेचे बोधचिन्ह झाला. तिच्या मुंबईतील इमारतीचे नावही हॉर्नबिल हाऊस आहे. 2018 मध्ये मात्र जगाच्या लाल यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ या वर्गात गेला. कोकणात त्याला आता देवरायांतली आणि खासगी रानांतली जुनी झाडे उरली आहेत. त्यांतली खासगी झाडे मालकाला पैशाची निकड लागेपर्यंतच उभी असतात.