कोटुल्लाचा मास्तर

१९२८ मध्ये वीस वर्षांचा एक तरुण टेक्सासमधल्या कोटुल्ला या लहानशा गावात मास्तर म्हणून रुजू झाला. कॉलेज अर्धवट राहिले होते, हातात पैसा नव्हता. त्याला मिळालेली शाळा मेक्सिकन मुलांची होती. गोऱ्यांच्या मुलांची शाळा वेगळी. पहिल्या पगारातून त्याने मुलांसाठी खेळाचे साहित्य आणले. शाळेच्या शिपायालासुद्धा इंग्रजी शिकवायला घेतले. पण एखादे पोर मैदानावर स्पॅनिश बोलताना सापडले, की त्याला फटके बसत.

हा मास्तर म्हणजे लिंडन जॉन्सन. पुढे अमेरिकेचा छत्तिसावा राष्ट्राध्यक्ष झाला.

फटक्यांचा तपशील माझ्या मनातून जात नाही. उर्दू घरातून आलेल्या मुलांना मराठी यावी म्हणून मीही धडपडतो. त्यामुळे त्या तरुण मास्तराची घाई मला कळते. त्याला ही मुले पुढे जायला हवी होती, यात शंका नाही. मात्र पुढे जायचे तर घरची जबान दाराबाहेर ठेवा, असा त्याचा हिशेब होता. माणूस कळायला हा प्रसंग उपयोगी आहे, कारण कळवळा आणि छडी अशी एकाच हातात पुढेही दिसतात.

जॉन्सनची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते: दक्षिणेतला एक जुनाट राजकारणी खुर्चीवर बसला, त्याचे मन पालटले आणि त्याने काळ्यांना हक्क दिले. गोष्ट ऐकायला छान आहे. तपासली की टिकत नाही. कारण मन पालटायला आधी अज्ञान असावे लागते, आणि जॉन्सनला सगळे माहीत होते.

१९३७ मध्ये तो काँग्रेसमध्ये गेला. तिथून पुढची वीस वर्षे नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध त्याने मत दिले. त्यात लिंचिंग रोखण्याचे विधेयक होते. (लिंचिंग म्हणजे काय, हे आता आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.) मतदानासाठी भरावा लागणारा पोल टॅक्स रद्द करण्याचा प्रस्तावही होता. १९४८ मध्ये सिनेटची निवडणूक लढवताना त्याने ट्रुमन यांच्या नागरी हक्क कार्यक्रमाला ढोंग ठरवले आणि त्यातून पोलिसी राज्य येईल असे सांगितले. १९४९ मधले सिनेटमधले त्याचे पहिले मोठे भाषण फिलिबस्टरच्या बचावाचे होते. फिलिबस्टर म्हणजे बोलत राहून विधेयक मारणे. दक्षिणेचे हेच मुख्य हत्यार.

याच वर्षांत झेफर राइट ही काळी स्त्री त्याच्या घरी स्वयंपाक करत होती. वॉशिंग्टन ते टेक्सास असा मोटारीचा प्रवास करताना तिला वाटेत बहुतेक ठिकाणी जेवायला मिळत नसे, स्वच्छतागृह वापरता येत नसे. कधी रस्त्याकडेला आडोशाला बसावे लागे. हे जॉन्सनला माहीत होते. पुढे दक्षिणेतल्या सिनेटरांना पटवताना तो हीच हकीकत सांगत असे. पण ती हकीकत ठाऊक असतानाही कित्येक वर्षे त्याचे मत विरोधातच पडत राहिले.

१९५७ चा कायदा हा मधला टप्पा. सिनेटमधला बहुमताचा नेता म्हणून त्याने तो मंजूर करून घेतला. १८७५ नंतरचा हा पहिलाच नागरी हक्क कायदा. पण दक्षिणेला राजी करण्यासाठी त्यातले दात काढले. शाळांमधला वर्णभेद मोडायला केंद्र सरकारने कोर्टात जाण्याची तरतूद गेली. मतदानात अडथळा आणणाऱ्यावर खटला चालला तर ज्यूरीची सोय आली. दक्षिणेतल्या ज्यूरीत सगळे गोरेच, मग शिक्षा कोण देणार? जॉन्सनला राष्ट्रीय नेता व्हायचे होते, आणि दक्षिणेला दुखवायचेही नव्हते.

केनेडींच्या हत्येनंतर तो राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा मात्र त्याने सगळी ताकद लावली. १९६४ च्या कायद्याविरुद्धचा फिलिबस्टर साठ दिवस चालला. ज्यांच्याकडून तो राजकारण शिकला, ते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेलच त्याचे पुढारी होते. १० जूनला तो ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडला. २ जुलैला सही झाली आणि हॉटेल, थिएटर, बसस्थानक इथला वर्णभेद बेकायदा ठरला. त्या वर्षीच्या निवडणुकीत डीप साउथची पाच राज्ये त्याच्या हातून गेली.

त्याच ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला पक्षाचे अधिवेशन होते. मिसिसिपीहून काळ्या मतदारांचे वेगळे शिष्टमंडळ आले. शेतमजूर फॅनी लू हेमर मतनोंदणीसाठी तुरुंगात खाल्लेल्या माराची साक्ष टीव्हीवर देत होत्या. कॅमेरे तिकडून हटावेत म्हणून जॉन्सनने घाईघाईने पत्रकारांना बोलावले. शिष्टमंडळाला दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्यांनी त्या नाकारल्या. काही आठवड्यांपूर्वी कायद्यावर सही करणारा हाच माणूस.

मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली. आठवड्याने जॉन्सन संसदेसमोर उभा राहिला आणि त्याने कोटुल्लाची मुले आठवली: उपाशीपोटी वर्गात येणारी, लोक आपला तिरस्कार का करतात हे न कळणारी. आता मदत करायची संधी आहे आणि ती मी वापरणार आहे, असे तो म्हणाला. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. मिसिसिपीत नोंदणी झालेले काळे मतदार सुमारे ७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते जवळपास ६० टक्के झाले.

आमच्याकडे अमल नियतवर तोलला जातो, पण नियत तोलण्याचे काम माणसाचे नाही. इतिहास वाचणाऱ्याच्या हाती फक्त अमल असतो. खासगीत काळ्यांसाठी शिवी वापरणाऱ्या जॉन्सनचे मन खरोखर बदलले होते का, या वादात मला रस नाही. मिसिसिपीचा आकडा त्याच्या खात्यात पूर्ण जमा करावा. त्याच्याआधीच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने शंभर वर्षांत एवढे केले नव्हते. पण त्या जमेने आधीची वीस वर्षे खोडली जात नाहीत. ती योग्य वेळेची वाट पाहण्याची वर्षे होती, असे त्याचे चाहते म्हणतात. वाट पाहण्याची किंमत मात्र त्याने मोजली नाही. आणि योग्य वेळ आपोआप आली नाही. ती माँटगोमेरी, बर्मिंगहॅम, सेल्मा इथे रस्त्यावर मार खाणाऱ्यांनी आणली.

१९६४ च्या सहीच्या समारंभाला झेफर राइट हजर होत्या. जॉन्सनने सहीच्या लेखण्यांपैकी एक त्यांच्या हातात दिली, यावर सगळ्यांपेक्षा तुझा हक्क जास्त आहे, असे म्हणून. १९४० च्या दशकापासून त्या त्याच्या घरी होत्या.