दुःखसहन सप्ताह

दुःखसहन सप्ताह : येशू ख्रिस्ताच्या ऐहिक जीवनातील अखेरच्या दिवसांचे स्मरण करण्याचा ख्रिस्ती धर्मातील काळ. येशूचा यरुशलेम नगरातील प्रवेश, मंदिरातील वाद, शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन, अटक, चौकशी, क्रूसावरील मृत्यू आणि दफन या घटना त्यात येतात. झावळ्यांच्या रविवारी सप्ताह सुरू होतो आणि पुढच्या रविवारी ईस्टर म्हणजे पुनरुत्थानाचा सण येतो. कॅथलिक ख्रिस्ती या काळाला ‘पवित्र आठवडा’ म्हणतात. ‘दुःखसहन सप्ताह’ हे नाव प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ आहे. मराठीत ही कथा चारशेहून अधिक वर्षे सांगितली जात आहे, आणि तिचे मराठी रूप मुख्यतः श्रवणाचे, म्हणजे ओवी, अभंग, कीर्तन व सामूहिक वाचन यांचे राहिले आहे.

साधने : मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने ही मुख्य साधने होत. त्यांत सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या सुमाराचे असावे. त्याच्या १६ अध्यायांपैकी शेवटचे सहा या सप्ताहाला व पुनरुत्थानाच्या वृत्तांताला दिलेले आहेत. योहानाने तर १३ ते १७ हे पाच अध्याय एकाच सायंकाळसाठी खर्च केले आहेत. एरवी प्रसंगामागून प्रसंग भराभर सांगणारा मार्क मृत्यूच्या दिवशी प्रहरांचा हिशेब ठेवतो. त्यामुळे या भागाचे कथन आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आधीपासून सलगपणे सांगितले जात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्तेतर लेखकांपैकी रोमन इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी, पिलाताच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाल्याचे नमूद केले आहे.

घटनाक्रम : वल्हांडण सणासाठी यहुदी यात्रेकरू यरुशलेमात जमत. येशूचा मुक्काम नगरापासून सुमारे तीन किलोमीटरवरील बेथानी गावात होता. तेथे एका स्त्रीने त्याला मौल्यवान सुगंधी तेल लावले. योहान ही घटना सणाच्या सहा दिवस आधीची सांगतो आणि त्या स्त्रीचे नाव मरीया असे देतो. मार्कच्या मते ती दोन दिवस आधीची असून त्याने नाव दिलेले नाही. हे तेल जटामांसीचे होते आणि त्याची किंमत ३०० दीनारांहून अधिक सांगितली आहे. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. जटामांसी ही हिमालयातील वनस्पती असल्याने भारताशी चालणाऱ्या तत्कालीन सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराचा धागा येथे मिळतो.

रविवारी येशू जैतुनांच्या डोंगराकडून शिंगरावर बसून नगरात आला. लोकांनी वाटेवर वस्त्रे व फांद्या पसरल्या. खजुरीच्या झावळ्यांचा उल्लेख फक्त योहान करतो. मार्कच्या क्रमानुसार दुसऱ्या दिवशी येशूने मंदिराच्या आवारातील सराफांचे चौरंग व कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका उलथवल्या. मंदिराचा कर ठराविक चांदीच्या नाण्यांतच भरावा लागे आणि बळीसाठी पक्षी विकत घ्यावे लागत, त्यामुळे हा व्यवहार मंदिराच्या व्यवस्थेचा भाग होता. त्याला धक्का देणे म्हणजे महायाजकांच्या अधिकाराला आव्हान देणे होते. त्यानंतर कैसराला (रोमन सम्राटाला) कर द्यावा की नाही, मृतांचे पुनरुत्थान होते की नाही, सर्वांत मोठी आज्ञा कोणती, अशा प्रश्नांवर वाद झाले. गरीब विधवेच्या दोन नाण्यांचा प्रसंगही याच दिवसांतला. बारा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत याने येशूला धरून देण्याचे कबूल केले. ३० चांदीच्या नाण्यांचा आकडा मत्तय देतो.

गुरुवारी संध्याकाळी येशूने शिष्यांसोबत भोजन केले. भाकर व द्राक्षारस यांना त्याने आपले शरीर व रक्त म्हटले. ख्रिस्ती उपासनेतील प्रभुभोजनाचा किंवा मिस्साचा आधार हाच प्रसंग होय. योहानाच्या वृत्तांतात त्याऐवजी येशू शिष्यांचे पाय धुतो. त्यानंतर गेथशेमाने बागेत त्याने व्याकूळ होऊन प्रार्थना केली. शिष्य झोपी गेले होते. तेथेच त्याला अटक झाली. रात्री हन्ना व महायाजक कयफा यांच्यापुढे चौकशी झाली आणि अंगणात शिष्य पेत्राने त्याला तीनदा नाकारले.

शुक्रवारी सकाळी त्याला रोमन सुभेदार पंतय पिलात याच्यापुढे नेण्यात आले. लूकच्या मते पिलाताने त्याला गालीलचा शासक हेरोद अंतिपा याच्याकडेही पाठवले. सणानिमित्त एक बंदिवान सोडण्याच्या प्रथेनुसार लोकांनी बरब्बाची सुटका मागितली. फटके आणि काट्यांचा मुकुट यांनंतर येशूला गुलगुथा या जागी क्रूसावर खिळले. वाटेत कुरेनेकर शिमोनाला क्रूस वाहायला लावला होता. दुपारी बारा ते तीन अंधार पडला आणि तीनच्या सुमारास येशूने प्राण सोडला. अरिमथाईकर योसेफाने पिलाताकडून शव मागून घेऊन शब्बाथ सुरू होण्याआधी खडकात खोदलेल्या कबरेत ठेवले. पुरुष शिष्य बहुतेक पांगले होते. मृत्यू व दफन पाहणाऱ्यांत गालीलहून आलेल्या स्त्रियांची नावे शुभवर्तमानांनी जपली आहेत.

ऐतिहासिक विचार : पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा सुभेदार होता. त्याचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला. त्याच दर्जाचा पुरावा क्रूसदंडाबाबत १९६८ मध्ये मिळाला. यरुशलेमच्या उत्तरेस पहिल्या शतकातील एका कबरेत लोखंडी खिळा आरपार गेलेले मानवी टाचेचे हाड सापडले, आणि अशा मृतांना काही वेळा रीतसर दफन मिळत असे हेही त्यावरून दिसले. क्रूसदंड ही गुलाम, बंडखोर व रोमन नागरिकत्व नसलेले गुन्हेगार यांच्यासाठीची रोमन शिक्षा होती. क्रूसावर ‘यहुद्यांचा राजा’ अशी दोषपाटी लावल्याचे चारही शुभवर्तमाने सांगतात. म्हणजे निदान रोमन दप्तरी आरोप राजकीय होता.

वृत्तांतांत काही तफावती आहेत. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते. योहानानुसार वल्हांडणाच्या आदल्या दिवशीच क्रूसारोहण झाले. खगोलगणित आणि पिलाताचा काळ यांची सांगड घालून ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या दोन तारखा प्रामुख्याने सुचवल्या जातात.

या मृत्यूचा दोष समस्त यहुदी समाजावर ठेवण्याची प्रवृत्ती युरोपात शतकानुशतके होती आणि पवित्र आठवड्यात यहुद्यांवर हल्लेही होत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात असा सामूहिक दोष नाकारला. इस्लाम येशूला (ईसा) पैगंबर मानतो. मात्र कुराणानुसार त्याला क्रूसावर मारण्यात आले नाही.

मराठी साहित्य : या कथेचे पहिले मोठे मराठी रूप फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात आढळते. स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टी भागात त्यांनी दीर्घकाळ काम केले. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दोन भागांपैकी दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र असून दुःखसहनाची कथा त्यात विस्ताराने येते. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणश्रवणाची जागा भरून काढणारे काही हवे होते. ती गरज ओळखून हा ग्रंथ रचला गेला आणि चर्चमध्ये रविवारी व सणावारी वाचला जाऊ लागला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे आवृत्ती काढली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीराजाच्या परंपरेत पाहिले, त्यामुळे क्रूसावरील मृत्यूला मराठीत सामाजिक अन्यायाचा अर्थही लाभला. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व भजनांतून ख्रिस्तभक्ती मांडली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांनंतर अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे नेले आणि लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील आधुनिक काळातली दुःखसहनाची एक विस्तृत काव्यकथा अशा रीतीने एका स्त्रीच्या हातून घडली. पंडिता रमाबाई यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण रूपात छापले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

आचार : कॅथलिक परंपरेत राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. या काळात विशेषतः शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ ही १४ स्थानांची प्रार्थना होते. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या आशीर्वादित करून मिरवणूक काढतात. गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन व क्रूसाचे वंदन होते. या वाचनात निवेदक, येशू व जमाव यांचे भाग वेगवेगळ्या व्यक्ती वाचतात आणि जमावाचे बोल खुद्द भाविकांच्या तोंडी येतात. गुरुवारच्या स्तुतिगीतानंतर ईस्टरपर्यंत घंटा मुकी राहते. गोव्यात तिच्या जागी ‘मात्राक’ हे लाकडी वाद्य वाजवतात. गोव्यातील उपवासकाळाची मोतेत गाणी आणि वसईतील क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थना प्रसिद्ध आहेत.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सप्ताहभर संध्याकाळच्या सभा होतात. गुरुवारी प्रभुभोजन घेतात. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ‘वधस्तंभावरील सात उद्गारां’वर क्रमाने प्रवचने होतात आणि मध्ये ‘उपासना संगीत’मधील गीते गातात. मारणाऱ्यांसाठी क्षमा, सोबतच्या गुन्हेगाराला आश्वासन, आईची सोय, एकाकीपणाची हाक, तहान, कार्यपूर्ती आणि आत्मसमर्पण असे या उद्गारांचे विषय आहेत. कोणत्याही एका शुभवर्तमानात ते सातही नाहीत. चारही वृत्तांत एकत्र करून ही मालिका बनली आहे. तीन तासांच्या या उपासनेची सुरुवात पेरूतील लिमा शहरी जेझुइटांनी केली. पुढे तिचा प्रसार प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही झाला.

कालगणना : वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टर धरतात. चर्चची ही पौर्णिमा गणिताने ठरवलेली असते. त्यामुळे गुड फ्रायडे, म्हणजे क्रूसारोहणाचा शुक्रवार, २० मार्च ते २३ एप्रिल या दरम्यान पडतो आणि मराठी पंचांगात तो बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती होती आणि ७ एप्रिलला गुड फ्रायडे. काही वर्षी तो फाल्गुन पौर्णिमेनंतर लगेच येतो; २०२४ मध्ये होळीच्या आठवड्यातच २९ मार्चला होता.

मराठवाडा व परभणी : मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट कार्याचे एक जुने केंद्र जालना होय. मुंबईत १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्यासाठी हैदराबाद संस्थानाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी निर्माण झाला. परभणी जिल्हा त्याच्या हद्दीत येतो. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्यात आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती आणि तीत ख्रिस्ती समाज अगदी अल्प आहे. वसई किंवा गोव्याप्रमाणे या सप्ताहाला येथे गावाचा उत्सव म्हणून स्थान नाही. मात्र संत जनाबाईंचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तेथील श्रोत्याला ओवी, अभंग आणि कीर्तन ही माध्यमे परकी नाहीत. मराठवाड्यातच उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांनी भूषविले होते.

येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा मराठीत प्रथम पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने आली. पण ती टिकली हस्तलिखिते जपणाऱ्या कुटुंबांमुळे आणि ती गाणाऱ्या मंडळ्यांमुळे. ओवीपासून आजच्या गद्य भाषांतरापर्यंतचा हा सलग वारसा मराठी धार्मिक साहित्याच्या इतिहासातील स्वतंत्र प्रवाह म्हणून गणला जायला हवा.