शेततळ्याला जाळी, दोर की झाकण? पैसे घालण्याआधी हे तपासा

शेततळं भरलं की शेतकरी निर्धास्त होतो. पण कागद टाकलेलं तळं विहिरीइतकंच घातक असतं. विहिरीला पायऱ्या असतात, काठाला धरायला दगड असतो. प्लास्टिकच्या कागदावर यातलं काहीच नसतं. त्यावर शेवाळ धरलं की उतारावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाला येऊन परत घसरतो. म्हणूनच एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. एवढ्या पाण्याला सुरक्षा करायची तर आधी कुंपण, मग दोर आणि शेवटी झाकण, हा क्रम ठेवावा.

कुंपण कोणतं घ्यावं?

नुसती काटेरी तार स्वस्त पडते, पण ती जनावरांसाठी. दोन तारांमधून लहान पोर सहज आत जातं. त्यामुळे चेनलिंक जाळीच घ्यावी, उंची किमान ५ फूट. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

- तार : गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १२ गेजपेक्षा १० गेजची जाळी मजबूत. जस्ताचा मुलामा असलेलीच घ्यावी, नाहीतर लवकर गंजते.
- भोक : २ इंची भोक चांगलं. मोठ्या भोकात पाय अडकवून पोरं वर चढतात.
- खालची कड : जाळी जमिनीला टेकलेली हवी. खालून वाट राहिली तर कुंपण असून नसल्यासारखं.

अँगल ८ ते १० फुटांवर, २ फूट खोल खड्ड्यात, काँक्रीट भरून रोवावेत. कागदाची कडा ज्या चरात पुरलेली असते त्या चराच्या बाहेरच खड्डे घ्यावेत, नाहीतर कागद फाटतो. काठापासून २ मीटर सोडून कुंपण केलं तर वरच्या मापाच्या तळ्याला साधारण ४५० फूट जाळी लागते. १० फुटांवर धरले तर अँगल ४५.

फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं आणि कडी वर, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी. मोटार चालू करायला गेलेला माणूस फाटक उघडं टाकून येतो, तिथंच घात होतो. कुलूप लावायची सवय घरातल्या सगळ्यांना हवी.

आत दोर सोडा

चारही बाजूंनी एकेक जाड दोर, फूट-दीड फुटावर गाठी मारून, तळापर्यंत सोडावा. वरचं टोक बाहेरच्या पक्क्या खुंटाला बांधावं. हवा भरलेली ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा ड्रम दोर बांधून काठावर कायम ठेवावा. उन्हानं दोर कुजतो, दर उन्हाळ्याआधी ओढून पाहावा आणि कच्चा वाटला तर बदलावा.

झाकणाचं काय?

बाष्पीभवन कमी व्हावं म्हणून काहीजण पाण्यावर शेडनेट पसरतात. पाणी वाचतं, पण ते सुरक्षेचं झाकण नव्हे. पोराला ती जमीन वाटते, पाय देताच नेट खाली जातं आणि अंगाला गुंडाळतं. नेट असेल तिथं कुंपण आणखी गरजेचं.

घरामागचा हौद किंवा कृषी पर्यटन केंद्रातला छोटा पोहण्याचा तलाव झाकता येतो. हौदाला लोखंडी जाळीचं, कुलूप लागणारं झाकण करावं. तलावाला ताणून बसवायचं आच्छादन घेताना ते किती वजन पेलतं, हे आधी विचारावं. अमेरिकेत ८ फुटांपेक्षा रुंद तलावाच्या सुरक्षा आच्छादनानं साधारण २२० किलो, म्हणजे दोन मोठी माणसं आणि एक मूल, पेललं पाहिजे अशी कसोटी आहे. पावसाचं पाणी वर साचून राहत असेल तर ते आच्छादन नको. त्या साचलेल्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

कुणी पडलंच तर

लगेच उडी मारू नका. दोर, ट्यूब, ड्रम, लांब बांबू, जे हाताशी असेल ते टाका आणि ओरडून माणसं गोळा करा. ११२ किंवा १०८ ला फोन करा. बाहेर काढल्यावर पोट दाबण्यात किंवा उलटं धरण्यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

तळं खोदतानाच कुंपणाचा खर्च धरावा. कागद फाटला तर नवा येतो.