श्वार्ट्‌स, क्रिस्तियान फ्रीड्रिख

श्वार्ट्‌स, क्रिस्तियान फ्रीड्रिख : (ऑक्टोबर १७२६–१३ फेब्रुवारी १७९८). जर्मन ल्यूथरपंथी धर्मोपदेशक, तमिळ व मराठी भाषांचा अभ्यासक आणि तंजावरच्या मराठी राज्यातील एक प्रभावी सल्लागार. त्याचे सुमारे ४८ वर्षांचे वास्तव्य दक्षिण भारतात घडले. तंजावरचा राजा दुसरा सरफोजी याचा तो पालक व हितकर्ता होता. धर्मप्रसारासाठी आयुष्य वेचणाऱ्या या उपदेशकाने ज्याला पुत्रवत् वाढविले, तो सरफोजी अखेरपर्यंत हिंदू राहिला. असे असूनही दोघांमधील स्नेह कधी उणावला नाही. श्वार्ट्‌सच्या चरित्राचे व लेखनाचे मराठी वाचकाच्या दृष्टीने खरे महत्त्व या संबंधात आहे.

पार्श्वभूमी : मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) सुरू केलेल्या धर्मसुधारणेचे दोन सिद्धांत भारतातील ल्यूथरपंथी कार्याला पायाभूत ठरले. मनुष्याचे तारण केवळ श्रद्धेने होते, हा पहिला. आणि धर्मग्रंथ प्रत्येकाला स्वभाषेत वाचता आला पाहिजे, हा दुसरा. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फिलिप याकोब श्पेनर व आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांच्या प्रेरणेने ‘पायटिझम’ ही भक्तिपर चळवळ उदयास आली. शुष्क वादविवादापेक्षा अंतःकरणाची शुद्धी, बायबलचे नित्य वाचन आणि अनाथ व दरिद्री यांची सेवा यांवर तिचा भर होता. हाल येथील विद्यापीठ आणि फ्रांकेचे अनाथालय ही या चळवळीची केंद्रे होत.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने हालमधील तरुणांना आपल्या भारतातील वसाहतीत पाठविले. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइन्‌रिख प्ल्यूचाऊ हे दोघे १७०६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी (त्रांकेबार) येथे उतरले. त्सीगेनबाल्गने केलेले नव्या कराराचे तमिळ भाषांतर तेथील छापखान्यात १७१५ मध्ये छापून पूर्ण झाले. तरंगंबाडीच्या आसपासचा सर्व मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. व्यंकोजीने (एकोजीने) स्थापिलेल्या या राज्यात प्रजेची भाषा मुख्यतः तमिळ, तर दरबाराची मराठी होती.

पश्चिम किनाऱ्यावरील स्थिती याहून निराळी होती. वसई–साष्टी भागात ख्रिस्ती धर्म सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने रुजला आणि चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील रोमन कॅथलिक समाज मराठी अमलाखाली आला. तंजावरात मात्र ल्यूथरपंथी उपदेशक राजसत्तेबरोबर आले नाहीत. मराठी राजाची अनुज्ञा मिळवूनच त्यांना राज्यात पाऊल टाकावे लागे. या परिस्थितीने श्वार्ट्‌सच्या कार्यपद्धतीला वळण दिले.

जीवन : श्वार्ट्‌सचा जन्म ब्रँडनबुर्ग प्रदेशातील झोनेनबुर्ग (सध्या पोलंडमध्ये) या गावी झाला. आई त्याच्या बालपणीच वारली. मुलाला ईश्वरसेवेसाठी वाढवावे, ही तिची अंतिम इच्छा होती. १७४६ मध्ये तो हाल विद्यापीठात दाखल झाला. भारतात काम करून परतलेला बेंजामिन शुल्त्स तेथे तमिळ बायबलच्या मुद्रणाची सिद्धता करीत होता. मुद्रिते तपासण्यास साहाय्य व्हावे म्हणून श्वार्ट्‌स तमिळ शिकू लागला आणि त्यातूनच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १७४९ मध्ये कोपनहेगन येथे त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. जुलै १७५० मध्ये तो तरंगंबाडीस पोहोचला व काही महिन्यांतच त्याने तमिळमधून पहिले प्रवचन दिले. त्यानंतर तो युरोपला परत गेला नाही. तो आजन्म अविवाहित राहिला.

पहिली सुमारे बारा वर्षे तरंगंबाडीस काढल्यावर त्याने त्रिचनापल्ली येथे काम उभारले. तेथील चर्च १७६६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर लंडनच्या ‘ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थे’ने (एस्. पी. सी. के.) त्याला आपल्या सेवेत घेतले, तथापि त्याची ल्यूथरपंथी निष्ठा व उपासनापद्धती कायम राहिली. १७६९ मध्ये त्याची तंजावरचा राजा तुळजाजी (कार. १७६३–७३ व १७७६–८७) याच्याशी पहिली भेट झाली. मूर्तिपूजेविषयी श्वार्ट्‌सने स्पष्ट मते मांडली, तरी तुळजाजीच्या मनात त्याच्याविषयी आदर उत्पन्न झाला. अर्काटच्या नबाबाने इंग्रज फौजेच्या मदतीने १७७३ मध्ये तंजावर घेऊन राजाला कैद केले. १७७६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला गादी परत दिली. १७७८ पासून श्वार्ट्‌स कायमचा तंजावरवासी झाला.

हैदर अलीकडील शिष्टाई : १७७९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस रंबोल्ड याने कंपनीचा शांततेचा हेतू कळविण्यासाठी श्वार्ट्‌सला श्रीरंगपट्टणास पाठविले. कंपनीच्या इतर वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. श्वार्ट्‌सला मात्र त्याने आदराने वागविले. या प्रवासाची श्वार्ट्‌सने लिहिलेली रोजनिशी हैदरच्या कारभाराविषयीचे एक महत्त्वाचे समकालीन साधन आहे. हैदरला लिहिता-वाचता येत नसे, पण स्मरणशक्ती विलक्षण होती. एकाकडून लिहवून घेतलेले पत्र तो दुसऱ्याकडून वाचून घेई व मजकूर जुळतो की नाही हे पाही. प्रजेने कोणता धर्म पाळावा याची तो फिकीर करीत नसे, अशी अनेक निरीक्षणे तीत आहेत. निरोपाच्या वेळी हैदरने दिलेले ३०० रुपये श्वार्ट्‌सने कंपनी सरकारच्या स्वाधीन केले. ते त्यानेच ठेवावेत असे सरकारने कळविताच त्याने ती रक्कम अनाथ मुलांच्या शाळेसाठी दिली. शिष्टाई निष्फळ ठरली. शांततेचा निरोप देणाऱ्या कंपनीचे वर्तन त्याच सुमारास त्या निरोपाशी विसंगत होते आणि १७८० मध्ये हैदरने कर्नाटकावर स्वारी केली. त्या धामधुमीतही श्वार्ट्‌सच्या वाटेस जाऊ नये, अशी हैदरची आपल्या सरदारांना आज्ञा होती.

दुष्काळ व लोकविश्वास : या युद्धात तंजावरचा किल्ला अन्नावाचून संकटात सापडला. खेड्यांतून धान्य होते. परंतु पूर्वी घेतलेल्या मालाचे पैसे न मिळाल्याने शेतकरी बैल व धान्य देईनात. राजाचा व कंपनीचा शब्द चालत नाही, असे दिसताच तुळजाजीने श्वार्ट्‌सला मध्यस्थी करण्यास सांगितले. पैसे चुकते करण्याची हमी त्याने स्वतः घेतली. दोन-तीन दिवसांत सुमारे १,००० बैल मिळाले आणि ८०,००० कलम (तमिळ प्रदेशातील धान्यमाप) धान्य किल्ल्यात आले. पुढे सरकारी जुलमाला कंटाळून हजारो कुटुंबांनी देशत्याग केला, तेव्हाही त्याने दिलेल्या आश्वासनावरून एकाच दिवशी सुमारे ७,००० लोक परतले. हे आकडे त्याच्या स्वतःच्या पत्रांतील आहेत. राज्यसंस्थेवरील विश्वास ढासळला असता लोक एका व्यक्तीच्या शब्दावर विसंबले, हे त्यांवरून दिसून येते.

सरफोजी व वारसाहक्काचा प्रश्न : निपुत्रिक तुळजाजीने जानेवारी १७८७ मध्ये भोसले घराण्याच्या एका शाखेतील दहा वर्षांच्या सरफोजीला (१७७७–१८३२) दत्तक घेतले व त्याच्या पालकत्वाची जबाबदारी श्वार्ट्‌सने घ्यावी, अशी इच्छा प्रकट केली. परकीय उपदेशकाने राज्याची सूत्रे हाती घेणे अनुचित ठरेल, शिवाय त्यामुळे मुलाच्या जिवास धोका उत्पन्न होईल, असे वाटून श्वार्ट्‌सने ती नाकारली आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह याचे नाव सुचविले. त्याच वर्षी तुळजाजी मरण पावला. अमरसिंहाने गादीवर हक्क सांगितला. सरफोजी आपल्या पित्याचा एकुलता एक पुत्र असून त्याचे वयही उलटून गेले असल्याने दत्तक अशास्त्र ठरते, असा अभिप्राय पंडितांनी दिला व तो ग्राह्य मानून कंपनीने अमरसिंहाला गादीवर बसविले.

अमरसिंहाने सरफोजीला जवळजवळ कैदेत ठेवले. त्याच्या शिक्षणाची तजवीज केली नाही. श्वार्ट्‌सने मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजीच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. त्या वेळी श्वार्ट्‌स त्यांच्याबरोबर होता. तेथे ल्यूथरपंथी उपदेशक क्रिस्तियान व्हिल्हेल्म गेरिके याच्या देखरेखीखाली सरफोजीचे शिक्षण झाले. दरम्यान वारसाहक्काच्या फेरविचारासाठी श्वार्ट्‌सने कंपनीच्या वरिष्ठांशी पत्रव्यवहार चालू ठेवला. बंगाल व काशी येथील पंडितांनी दत्तक सशास्त्र असल्याचे मत दिले. अखेर जून १७९८ मध्ये सरफोजीला राज्यारोहण लाभले. परंतु ते पाहण्यास श्वार्ट्‌स हयात नव्हता. चार महिन्यांपूर्वी तंजावर येथे त्याचे निधन झाले होते.

शैक्षणिक व धार्मिक कार्य : तंजावरचा इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन याच्या योजनेनुसार १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम् व शिवगंगा येथे इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांची व्यवस्था श्वार्ट्‌सकडे होती व पुढे कंपनीनेही त्यांना अनुदान दिले. तंजावरच्या शाळेत ब्राह्मण व व्यापारी कुटुंबांतील मुले येत. त्यांना फसवून धर्मांतराकडे वळवू नये, हा दंडक तेथे पाळला जाई. तंजावरकडील मराठी ब्राह्मण विधवा क्लॅरिंडा हिला त्याने १७७८ मध्ये पाळयंकोट्टै येथे बाप्तिस्मा दिला; तिच्या पुढाकाराने तेथे १७८५ मध्ये चर्च उभे राहिले. पुढे ख्यातनाम झालेला तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम् शास्त्री (१७७४–१८६४) हा श्वार्ट्‌सच्याच छायेत वाढला. सत्यनाथन् या तमिळ उपदेशकाला १७९० मध्ये दीक्षा देण्यात आली. तमिळ ख्रिस्ती मंडळीतील जातिभेद मात्र श्वार्ट्‌सने समूळ काढला नाही. उच्च व नीच मानलेल्या जातींची वेगवेगळी आसने त्याने चालू राहू दिली. या धोरणावर एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी कठोर टीका केली.

लेखन : श्वार्ट्‌सने पद्धतशीर धर्मशास्त्रीय ग्रंथ रचला नाही. ख्रिस्ती धर्माची तत्त्वे संवादरूपाने समजावून देणारी तमिळ पुस्तिका त्याने लिहिली. दरबारातील लोकांशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून तो मराठी शिकला व या संवादाचे त्याने मराठीत रूपांतर केले. फार्सी, हिंदुस्थानी व पोर्तुगीज या भाषाही त्याला अवगत होत्या. त्याचे विपुल लेखन पत्रे व रोजनिशी यांच्या स्वरूपाचे आहे. त्यातील बराच भाग हाल येथून प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तांतमालेत छापला गेला. सिद्धांतचर्चेपेक्षा प्रसंगाचे निवेदन, समोरच्या माणसाचा प्रश्न जसाच्या तसा मांडून त्याला दिलेले उत्तर आणि स्वतःच्या कार्याविषयीची संयमित भाषा ही त्याची वैशिष्ट्ये होत. युरोपीय ख्रिस्त्यांचे दुराचरण हाच आपल्या धर्माच्या प्रसारातील मोठा अडथळा आहे, हेही तो निःसंकोचपणे नमूद करतो.

१३ फेब्रुवारी १७९४ रोजी तंजावरहून लिहिलेले पत्र हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध लेखन होय. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणावरील १७९३ च्या चर्चेत माँटगमेरी कँबेल याने भारतातील नवख्रिस्त्यांच्या नीतिमत्तेवर आक्षेप घेतले होते. त्यांना उत्तर देताना श्वार्ट्‌सने वादाचा आवेश न आणता आपल्या अनेक वर्षांच्या कार्याचा वृत्तांत सादर केला. दुष्काळातील धान्य व परतलेली कुटुंबे यांच्या हकीकती या पत्रात येतात. ते लंडनमध्ये छापले गेले आणि मिशनरी कार्याच्या समर्थकांनी पुढे त्याचा वारंवार आधार घेतला.

मूल्यमापन : श्वार्ट्‌सच्या निःस्पृहतेविषयी समकालीनांत क्वचितच दुमत आढळते. त्याच्या राजकीय भूमिकेचे परिणाम मात्र गुंतागुंतीचे आहेत. ज्या न्यायासाठी तो झटला, तो देण्याचा अधिकार कंपनीकडेच आहे, हे त्याच्या प्रत्येक अर्जात गृहीत होते. सरफोजीला गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला व राजाकडे प्रायः तंजावरचा किल्लाच उरला. एका मुलावरील अन्यायाचे निवारण आणि एका मराठी राज्याचा अस्त या दोन्ही घटना एकाच मार्गाने घडून आल्या.

राज्य नसलेल्या सरफोजीने आपले आयुष्य विद्येला वाहिले. सरस्वती महाल ग्रंथालयाची वृद्धी, बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशाचा मराठी शिलालेख (१८०३), १८०५ च्या सुमारास काढलेला देवनागरी छापखाना व तेथे छापलेले इसापनीतीचे मराठी भाषांतर ही त्याची कामगिरी सुविख्यात आहे. तिचे सर्व श्रेय श्वार्ट्‌सला देता येणार नाही. तंजावरच्या भोसल्यांची विद्याव्यासंगाची परंपरा त्यापूर्वीची आहे. तथापि पाश्चात्त्य ज्ञानाविषयीचे त्याचे कुतूहल श्वार्ट्‌स व गेरिके यांच्या सहवासात जोपासले गेले, हे निश्चित. आपल्या या गुरूचे स्मारक स्वखर्चाने उभारावे म्हणून सरफोजीने १८०१ मध्ये लंडनला पत्र पाठविले. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविलेले हे संगमरवरी स्मारक तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध उपदेशकाचा हात हाती घेऊन उभा असलेला हिंदू राजा, असे त्यावरील दृश्य आहे. श्वार्ट्‌सच्या समाधिशिलेवरील इंग्रजी ओळीही सरफोजीनेच रचल्या असून त्यांत त्याने श्वार्ट्‌सला पिता असे संबोधिले आहे.