पुसलेल्या आवाजांचा हिशेब

बारामतीत माझं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. १९८३ ते २००१ अशी अठरा वर्षं मी ते चालवलं. दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे मिळायचे ते 'कॅसेट भरून देण्यात'. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं आणि आम्ही दोन डेक जोडून ती गाणी एका कॅसेटवर उतरवून द्यायचो. कोरी कॅसेट परवडत नसेल तर लोक घरातली जुनी आणायचे. "हिच्यावरच भरा, आत काही कामाचं नाही," म्हणायचे. मी पाच-दहा सेकंद ऐकून बघायचो. लांबून कुणीतरी गातंय, ढोलकी वाजतेय, मध्येच एखादं मूल रडतंय. जत्रेतलं काहीतरी असेल असं मनाशी म्हणायचो आणि रेकॉर्डचं बटण दाबायचो.

गेली बारा वर्षं मी तसल्याच कॅसेट शोधत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली गावं फिरतोय. भिगवण, बावडा, लासुर्णे, वालचंदनगर, सणसर, निमगाव केतकी. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

या कॅसेटवर होतं तरी काय? बहुतेक गायन पार्ट्यांचे कार्यक्रम. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आमच्याकडे एका दिवसात संपत नाही. चांगल्या पार्टीची तारीख मिळेल तशी गावोगावची जयंती मे अखेरपर्यंत चालते. या गाण्याची परंपरा जुनी आहे. १९३०च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ सालचा. अक्षरओळख मोठेपणी झालेल्या या माणसाने हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून स्वतः गायिली. प्रल्हाद शिंदे कव्वालीतून पुढे आले. त्यांचा तो पहाडी आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतही घुमला आणि भीमगीतांतही. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. त्या वाटेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर त्यांचीच गाणी लागलेली असायची. हे दोघेही एकाच वर्षी गेले. २००४च्या मे महिन्यात वामनदादा, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे.

कुणी म्हणेल, या गायकांच्या कंपनीच्या कॅसेट आणि तबकड्या आहेतच की. आहेत. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यात गाणं कोंबावं लागे. मांडवातलं गाणं वीस-वीस मिनिटं चाले. गायक एक ओळ घेऊन थांबे, तिचा अर्थ सांगे, समोरच्या पार्टीला टोमणा मारी, गावातला ताजा प्रसंग त्यात घाली. कव्वालीचा सामना असला तर सवाल-जवाबात रात्र सरायची. त्यातलं काहीच स्टुडिओत गेलं नाही. ते उरलं असेल तर श्रोत्यांनी मांडवात बसून भरलेल्या कॅसेटवरच.

फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे खेड्यापर्यंत ती पोचली १९८०च्या आसपास. कुणी आखातात नोकरीला गेलेला नातेवाईक 'टू-इन-वन' आणी, कुणी साखर कारखान्याच्या बोनसवर घेई. मग जयंतीच्या रात्री स्टेजच्या कडेला, कर्ण्याच्या खाली अशी चार-पाच यंत्रं मांडलेली दिसत. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ८५ ते ९० मीटर फीत असते, रुंदीला चार मिलिमीटरहून कमी. तेवढ्यात एक रात्र बसवायची म्हणजे काटकसर आलीच.

ती काटकसर कशी करायची, हे गिऱ्हाइकांना मीच शिकवलं. यंत्र विकत घेताना माणूस विचारायचा, "कार्यक्रम मोठा असतो, कॅसेट पुरेल का?" मी सांगायचो, "गाणं संपलं की पॉज दाबा. बोलणं भरून काय उपयोग?" लोकांनी ते ऐकलं. आज त्या कॅसेट ऐकताना गाणं संपतं, गायक "मंडळी..." म्हणतो आणि खट्! थेट पुढचं गाणं. तो काय सांगणार होता, ते गेलं.

ही चूक करणारा मी काही पहिलाच नव्हे. १९४७-४८ साली अमेरिकेत डीन बेनेडेटी नावाचा वादक चार्ली पार्कर या थोर सॅक्सोफोनवादकाच्या मागे यंत्र घेऊन फिरत होता. पार्करचं एकट्याचं वादन सुरू झालं की तो यंत्र चालू करी, साथीदारांची पाळी आली की बंद करी. त्याच्याही आधी, १९०१ ते १९०३ या काळात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मॅपलसन यांनी चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. खरखरीतून आवाज जेमतेम ऐकू येतो, तरी अभ्यासक आजही ते कान देऊन ऐकतात. त्या गायकांचं भर थिएटरातलं गाणं एरवी कुठे ऐकायला मिळणार?

आता आपल्या कॅसेटकडे येऊ. हातात आलेली कॅसेट मी लगेच वाजवत नाही. तांदळाच्या डब्यात, ट्रंकेत, माळ्यावर राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली असते. ती आधी हलक्या हाताने पुसावी लागते, नाहीतर घाण हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटचाही घात होतो. मागच्या दोन चिमुकल्या टिकल्या मोडून टाकायच्या, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. मग येतो वेगाचा प्रश्न. मांडवात यंत्र सेलवर चाले. सेल उतरले की मोटर मंदावे. रेकॉर्डिंग मंद वेगाने झालं की नंतर वाजवताना गायक पळत सुटतो आणि आवाज बारीक येतो. तो मूळ सुरावर आणायला दोन गोष्टी कामी येतात. एक पेटी. दुसरी, लाउडस्पीकरच्या अॅम्प्लिफायरची घुमघुम. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिचा घूं आवाज फितीवर उतरलेला असतो. तो बरोबर पन्नासवर आणला की गायकही जाग्यावर येतो. मांडवात जनरेटर असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, मग पेटीवरच भिस्त.

"प्रल्हाद शिंद्यांची आहे" म्हणून दिलेली कॅसेट ऐकावी, तर पुष्कळदा त्यांची गाणी त्यांच्याच ढंगात म्हणणारा तालुक्यातला एखादा गायक निघतो. सुरुवातीला मी हिरमुसायचो. आता उलट आनंद होतो. मोठ्या गायकाचा आवाज कुठे ना कुठे राहील. दिवसा उसाच्या मोळ्या वाहून रात्री गाणाऱ्याचा आवाज दुसरीकडे कुठे असणार?

या कॅसेटवर आणखी एक गोष्ट सापडते, बक्षिसांची घोषणा. गाणं आवडलं की माणूस उठून नोट देई आणि गायक गाणं थांबवून नाव पुकारी. अमक्या गावचे अमुक यांच्याकडून दोन रुपये, पाच रुपये, अकरा रुपये. ही नावं गाण्याच्या मध्येच येत, म्हणून पॉजमधून वाचली. त्यातून कळतं की कोण कुठून आलं होतं, मजुरीच्या त्या दिवसांत दोन रुपयांना काय मोल होतं, आणि ज्यांची नावं सहसा कागदावर चढत नाहीत त्यांना भर मांडवात आपलं नाव ऐकताना काय वाटत असेल. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत प्रत्येक ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जपलेलं आहे. माझं काम त्यापुढे चिमूटभर, पण नाव आणि गाव लिहून ठेवण्याची शिस्त मी तिथून घेतली.

लोक विचारतात, हे विकता का? नाही. १९९४च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आणि १९९९मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षं झाली. गाणं गाणाऱ्याचं आणि त्याच्या घरच्यांचं आहे. मी नक्कल करून मूळ कॅसेट घरी परत देतो, आणि गायकाचं कुटुंब सापडलं तर एक नक्कल त्यांना पोचवतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो. निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवर एका मावशींनी कॅसेट काढून दिली. "मशीन मोडलं, पण टाकवत न्हाई," म्हणाल्या. हातात घेतली तर कव्हरवर माझ्याच दुकानाचा शिक्का. आत सिनेमाची गाणी होती. सव्वीस मिनिटांनी ती संपली. तेवढीच यादी होती म्हणून पुढे मी काही भरलं नव्हतं. मी बंद करणार तेवढ्यात खालून मांडव उघडला. ढोलकी, टाळ्या, आणि माइकवर एक खणखणीत आवाज, "जयंती मंडळाच्या वतीने पाहुण्या पार्टीला एकवीस रुपये..."

मावशी चुलीपासून उठून आल्या. "हा ह्यांचा आवाज," म्हणाल्या. त्यांचे मालक मंडळाचे निवेदक होते. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी सांगून टाकलं, "मावशी, आधीची सव्वीस मिनिटं मीच पुसलीत."

त्या म्हणाल्या, "ह्यांनीच आणून दिली आसंल तुमच्याकडं. थोरलीच्या लग्नात गाणी लावायची हुती." मग म्हणाल्या, "परत लावा."

आम्ही ती चार मिनिटं तीनदा ऐकली.

उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर दिसतं आणि जुनी माणसं बघायला जातात. कॅसेटच्या शेवटी उरलेली ही चार मिनिटं तशीच आहेत. तुमच्या घरात अशी कॅसेट असेल तर टाकू नका, आणि खराब यंत्रावर लावूनही बघू नका. टिकल्या मोडा, आठवेल ते गाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. आणि कॅसेटवरची गाणी संपली म्हणून बंद करू नका. शेवटपर्यंत ऐका.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)