बाळंतविडा घरच्या घरी : साडीच्या दुपट्यापासून फेल्टच्या चिमणाळ्यापर्यंत

घरात बाळाची चाहूल लागली, की मराठी कुटुंबात बाळंतविड्याची तयारी सुरू होते. दुपटी, झबली, टोपडी, लंगोट, लाळेरी, कुंची आणि पाळण्यावर टांगायचे चिमणाळे असा हा संच. पूर्वी आजी, मावशी, आत्या दुपारच्या वेळी एकत्र बसून तो हाताने शिवत असत. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या छोट्या सदनिकेत राहणाऱ्या नोकरदार जोडप्याला तो तयार विकत मिळतो. तरीही सुई, दोरा, कात्री आणि थोडे रविवार हाताशी असतील, तर यातील बहुतेक वस्तू घरी शिवता येतात. मात्र त्या बाळाच्या अंगाला आणि तोंडाला लागणार असल्याने कापडाची निवड व सुरक्षितता यांचा विचार आधी करावा लागतो.

जुन्या कापडाचे मोल

बाळाचे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे असावे, या रिवाजामागे मायेइतकाच व्यवहारही होता. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो आणि ते ओल चटकन टिपते. हा रिवाज केवळ महाराष्ट्राचा नाही. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही कामेही जुन्या कापडाच्या थरांतूनच जन्माला आली. सुजनीचा तर नवजात बाळाच्या पांघरुणाशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडच्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

आजची अडचण वेगळीच आहे. अनेक घरांतील कपाटात आता सुती साड्यांपेक्षा नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या अधिक असतात. हे कापड घाम टिपत नाही. मुंबईच्या दमट हवेत ते बाळाच्या अंगाशी नकोच. घरात सुती साडी नसेल, तर मलमल किंवा मऊ सुती कापड विकत घेऊन दोन-तीन वेळा धुवावे आणि मगच कापावे. पश्चिम उपनगरांतील रहिवाशांना मालाडचे नटराज मार्केट जवळ पडते. अधिक निवड हवी असल्यास दक्षिण मुंबईतील मंगलदास मार्केट आहे. झालर, फिती, दोरे यांसाठी भुलेश्वर प्रसिद्ध आहे.

दुपटे

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सुमारे १.१ मीटर रुंद असते. तिचे चार चौकोनी थर केले, की चांगले दुपटे होते आणि उरलेल्या मीटरभर कापडात लाळेरी व टोपडे निघते. जरीचे काठ खरखरीत असतात. ते आधीच उसवून बाजूला ठेवावेत. थर एकमेकांवर नीट पसरून टाचण्यांऐवजी लांब कच्च्या टाक्यांनी जोडावेत, म्हणजे एखादी टाचणी आत राहण्याची भीती उरत नाही. नंतर कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा आत आत घालत न्यावा. दोन ओळींत बोटभर अंतर पुरते. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत. चारहून अधिक थर टाळलेले बरे, कारण पावसाळ्यात जाड दुपटे गॅलरीत दोन-दोन दिवस वाळत नाही.

झबले आणि कुंची

झबल्याला बटणांऐवजी कापडी बंद लावावेत आणि शिवणीच्या कडा बाहेरच्या बाजूस ठेवाव्यात, म्हणजे त्या अंगाला टोचत नाहीत. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणासाठी काळे झबले शिवायचे असल्यास काळा रंग धुण्यात जातो का, हे आधी पाहावे. हलव्याचे दागिने समारंभापुरतेच घालावेत, त्या वेळी मोठ्या माणसाने जवळ असावे आणि छायाचित्र झाले, की ते लगेच उतरवावेत.

कुंची म्हणजे पाठीवर रुळणारा पदर असलेले टोपडे. परंपरेने ती खणाची करतात. आतून मात्र मऊ सुती अस्तर हवेच. मुंबईच्या उकाड्यात ती बाहेर जाण्यापुरती आणि समारंभापुरती. गळ्याशी बांधायचे बंद आखूड ठेवावेत आणि बाळाला निजवताना कुंची काढावी.

फेल्टचे चिमणाळे

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता व दाब यांनी एकमेकांत घट्ट गुंतवून ते तयार होते. काश्मीरचा नमदा हा त्याचाच प्रकार. बाजारात मिळणारे रंगीत फेल्ट बहुधा कृत्रिम तंतूंचे असते. कापल्यावर त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्यांना ते सोयीचे जाते. मात्र ते कपड्यांसाठी वापरू नये. चिमणाळ्यातील पोपट, चिमण्या, मासे यांसाठी ते उत्तम. एकाच आकाराचे दोन तुकडे कापून कडेने काजटाका घालावा, थोडी जागा मोकळी ठेवून आत कापूस भरावा आणि तोंड बंद करावे. डोळ्यांसाठी टिकल्या किंवा मणी न लावता दोऱ्याची गाठ भरावी.

सुरक्षिततेचे नियम

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल एवढा सुटा भाग धोकादायक मानला जातो, कारण तो घशात अडकू शकतो. बटणे, मणी, घुंगरू या मापात सहज बसतात. चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच टांगावे आणि साधारण पाचव्या महिन्यात, किंवा त्याआधीच बाळ हातांवर रेटून उठू लागले, तर ते काढून ठेवावे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२च्या शिफारशींनुसार, वर्षाखालील बाळाला उताणे, सपाट व टणक पृष्ठभागावर निजवावे आणि झोपण्याच्या जागी उशी, सुटे पांघरूण वा मऊ खेळणी ठेवू नयेत. म्हणजे हौसेने शिवलेली जाड गोधडी बाळ जागे असताना, जमिनीवर खेळण्यासाठी अंथरावी. शिवण संपल्यावर सुया व टाचण्या मोजूनच डबा बंद करावा.

विक्रीचा विचार असेल, तर

घरच्या बाळासाठी शिवता शिवता अनेकींना ऑर्डर मिळू लागतात. कपडे व दुपट्यांची गोष्ट निराळी. खेळण्यांना मात्र खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० लागू होतो. १ जानेवारी २०२१पासून विक्रीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे कापडी बाहुल्या वा फेल्टची खेळणी विकण्यापूर्वी या नोंदणीची चौकशी करावी.

पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी लाळेऱ्यापासून सुरुवात करावी. ते एका संध्याकाळी पूर्ण होते आणि टाक्याला हात बसतो. त्यानंतर दुपटे आणि शेवटी चिमणाळे हाती घ्यावे. सातव्या महिन्यात आरंभ केला, तरी बारशापर्यंत पाळणा सजलेला असतो.